अक्षराची जागा कोणती? हर्क्युलिस आणि जिस्ट कार्डांची समीक्षा

ग्राफिक्स कार्डांचा इतिहास बहुतेक पुस्तकांत एकाच मापाने मोजलेला असतो: पडद्यावर बिंदू किती, रंग किती, वेग किती. १९८१ चे सीजीए, १९८२ चे हर्क्युलिस, १९८७ चे व्हीजीए, १९९६ चे थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू, १९९९ चे जीफोर्स २५६ अशी ही शिडी वर चढत जाते. परीक्षेतही आपण तुम्हाला हीच शिडी विचारतो. या मापाने पाहिले, तर पुण्याच्या सी-डॅकने बाजारात आणलेल्या जिस्ट कार्डाला शिडीवर पायरीच मिळत नाही. त्याने रंग वाढवले नाहीत, बिंदूही वाढवले नाहीत. तरी त्याच्या पूर्ण नावातला पहिला शब्द 'ग्राफिक्स' आहे: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी.

या टिपणात मी हर्क्युलिस आणि जिस्ट ही दोन कार्डे शेजारी ठेवून तपासणार आहे. बिंदू आणि वेग यांऐवजी प्रश्न वेगळा आहे: अक्षराचा आकार घडवण्याचे काम कोणी करावे? प्रोग्रामने, कार्डाने, फॉन्टने की ऑपरेटिंग सिस्टमने? या प्रश्नाच्या उत्तरावर तुमच्या भाषेतला मजकूर तीस वर्षांनी वाचता येईल की नाही, हे ठरते. म्हणून जुन्या कार्डांचा हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा नाही.

१. अक्षरांची ठरावीक पेटी

आयबीएम पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा त्याच्यासोबत दोन डिस्प्ले कार्डे मिळत. एक एमडीए, फक्त मजकुरासाठी. दुसरे सीजीए, रंग आणि चित्रांसाठी. दोन्हींत टेक्स्ट मोड होता. त्यात पडद्याचे ८० स्तंभ आणि २५ ओळी, म्हणजे २००० घरे असत. प्रत्येक घरासाठी दोन बाइट: एक अक्षराचा संकेत, दुसरा त्याच्या ठळकपणाचा किंवा रंगाचा. ४००० बाइटमध्ये अख्खा पडदा मावे. प्रोग्रामने फक्त संकेत लिहायचा. आकार कार्डावरच्या रॉममधून येई. त्या रॉममध्ये २५६ आकार कायमचे कोरलेले होते.

त्या २५६ आकारांत देवनागरी नव्हती, आणि बाहेरून घालायची सोयही नव्हती. मग सीजीएच्या ग्राफिक्स मोडमध्ये स्वतःच अक्षरे काढावीत, असा विचार कोणाच्याही मनात येईल. सीजीएचे अक्षर ८ × ८ बिंदूंच्या चौकटीत बसते. आता हिशेब करा. वरच्या मात्रेला २ ओळी, शिरोरेषेला १, खालच्या उकाराला २. अक्षराच्या अंगासाठी उरल्या ३ ओळी. तीन ओळींत 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' वेगळे दाखवून बघा. जमणार नाही. रोमन लिपीला पुरेशी वाटणारी चौकट आपल्या लिपीला पुरत नव्हती, आणि ही अडचण केवळ आपली नव्हती.

२. हर्क्युलिस: थाई लिपीच्या गरजेतून

व्हॅन सुवन्नुकुल या थाई अभियंत्याला आपला प्रबंध थाई लिपीत पीसीवर लिहायचा होता. एमडीएची अक्षरे सुबक, पण रॉममध्ये थाई नाही. सीजीएवर चित्र काढता येते, पण बिंदू अपुरे. म्हणून त्यांनी स्वतःचे कार्ड बनवले आणि १९८२ मध्ये हर्क्युलिस ग्राफिक्स कार्ड बाजारात आले. पाश्चात्त्य कचेऱ्यांत ते पुढे लोटस १-२-३ मधले आलेख दाखवणारे कार्ड म्हणून गाजले. त्याचा उगम मात्र आशियातल्या एका लिपीच्या गरजेत आहे. ही गोष्ट पुस्तकांत तळटीप म्हणून येते. माझ्या मते ती मुख्य मजकुरात यायला हवी.

त्याची रचना पाहा. पडदा ७२० × ३४८ बिंदूंचा, एकरंगी. एका बिंदूला एक बिट धरला, तर ७२० × ३४८ ÷ ८ = ३१,३२० बाइट लागतात; म्हणजे ३२ केबीमध्ये एक पान मावते. कार्डावर ६४ केबी मेमरी होती, म्हणून दोन पाने. ३५० ऐवजी ३४८ ओळी का? कार्डावरची मोटोरोला ६८४५ ही नियंत्रक चिप दाखवायच्या ओळी मोजायला ७ बिटच वापरते, म्हणजे मोजणी १२७ च्या पुढे जात नाही. म्हणून चार-चार ओळींचा एक गट करून ८७ गट मोजले: ८७ × ४ = ३४८. यामुळे मेमरीतली मांडणीही चार तुकड्यांत विभागली गेली. कोणत्याही बिंदूचा पत्ता असा निघतो:

पत्ता = (य ला ४ ने भागून उरलेली बाकी × ८१९२) + (य ÷ ४ चा पूर्णांक × ९०) + (क्ष ÷ ८ चा पूर्णांक)

इथे क्ष हा आडवा आणि य हा उभा क्रमांक. ९० म्हणजे एका ओळीचे बाइट, ७२० ÷ ८. हे सूत्र हाताने सोडवून पाहा; हार्डवेअरची मर्यादा सॉफ्टवेअरच्या सूत्रात कशी उमटते, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

आता दोष. पीसीच्या बायोसला हर्क्युलिसचा ग्राफिक्स मोड ठाऊकच नव्हता. तो सुरू करायचा, तर प्रोग्रामने चिपची रजिस्टरे स्वतः भरायची, वरचे सूत्र स्वतः वापरायचे आणि अक्षरेही स्वतः काढायची. म्हणजे हर्क्युलिसने कोरी पाटी दिली. लिहायचे काम प्रत्येक प्रोग्रामने पहिल्यापासून शिकायचे. वर्डस्टारला देवनागरी यायची, तर वर्डस्टारच नव्याने लिहावे लागणार. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एकरंगी मॉनिटर आणि हर्क्युलिसच्या बरहुकूम बनवलेली स्वस्त कार्डे सर्रास होती. पाटी होती, पण तेवढ्याने मराठी आली नाही.

३. थाईला पुरले ते देवनागरीला का पुरले नाही

इथे दोन लिप्यांमधला फरक समजून घ्या. थाईतही स्वरचिन्हे वर, खाली, आधी लागतात. पण थाईत जे चिन्ह व्यंजनाच्या आधी दिसते, ते संगणकातही आधीच साठवतात. दिसण्याचा क्रम आणि साठवण्याचा क्रम एकच. म्हणून पुरेसे बिंदू मिळाले की थाईचे बरेचसे काम होते.

देवनागरीत आपण 'कि' उच्चारतो तेव्हा आधी 'क', मग 'इ'. दिसताना वेलांटी आधी. 'स्त्री' हे एकच जोडाक्षर दिसते, पण त्यात स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असे सहा घटक आहेत. साठवायचे उच्चाराच्या क्रमाने आणि दाखवायचे आकाराच्या नियमाने. या दोहोंमध्ये कोणीतरी विचार करणारा हवा. जिस्टच्या नावातला 'इंटेलिजन्स' हा शब्द जाहिरातीचा नाही. तो याच मधल्या कामाला दिलेले नाव आहे.

४. जिस्टचा निर्णय

भारतीय लिप्यांचे हे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे ही त्यातली ठळक नावे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि जिस्ट तिथे आले. सी-डॅक म्हटले की तुम्हाला १९९१ चा परम ८००० महासंगणक आठवतो. पण सामान्य माणसाच्या टेबलावर पोचण्यासाठी बनवलेली वस्तू होती हे कार्ड.

जिस्टने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, संकेत. इस्की या संकेतप्रणालीत आकारांना नव्हे, वर्णांना क्रमांक दिले. १९९१ मध्ये ती आयएस १३१९४ या नावाने भारतीय मानक झाली. पहिले १२८ संकेत आस्कीचेच ठेवले, वरच्या अर्ध्यात भारतीय वर्ण बसवले. 'क' १७९, हलन्त २३२. त्यानुसार 'स्त्री' म्हणजे २१५, २३२, १९४, २३२, २०७, २२०. दुसरी गोष्ट, आकार. हे सहा संकेत पाहून एक जोडाक्षर घडवण्याचे काम कार्डाकडे दिले. डीबेस, वर्डस्टार, लोटस यांसारख्या प्रोग्रामांना काही कळायची गरज नव्हती. ते बाइट लिहीत राहिले; पडद्यावर देवनागरी उमटली.

४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४० केबीची मर्यादा आणि प्रत्येक प्रोग्राम परदेशी कंपनीचा: अशा स्थितीत आकाराचे काम ठेवायला कार्डाइतकी पक्की जागा दुसरी नव्हती. प्रोग्राम बदलणे आपल्या हातात नव्हते, पण पीसीचा स्लॉट उघडा होता. त्या काळाच्या चौकटीत हा निर्णय मला केवळ योग्यच नव्हे, तर हर्क्युलिसपेक्षा अधिक विचारपूर्वक घेतलेला वाटतो.

संकेतांचा क्रमही बारकाईने लावला होता. हलन्ताचा क्रमांक सगळ्या मात्रांच्या पुढे आहे. त्यामुळे केवळ बाइटच्या क्रमाने लावले तरी 'क्य' हा 'कौ' नंतर येतो, शब्दकोशात येतो तसा. वर्ण आणि आकार वेगळे ठेवल्याचा हा फायदा आहे.

५. एक कसोटी: सिविक सेंटरमधली नावांची यादी

उदाहरण भिलाईचे घेऊ. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरातून माणसे कामाला आली. सिविक सेंटर ही त्या वसाहतीची बाजारपेठ. तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीची कल्पना करा: तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया, मराठी, छत्तीसगढी नावे एकाखाली एक. ही वही संगणकात घालायची आहे. जिस्टचा मोठा दावा असा की सर्व भारतीय लिप्यांना एकच संकेत आणि एकच कीबोर्ड. लिपी बदला, तेच नाव दुसऱ्या लिपीत दिसेल.

'काळे' हे आडनाव घ्या. 'ळ' चा संकेत २१०. लिपी तेलुगू केली, 'ळ' टिकतो. मल्याळम केली, टिकतो. गंमत अशी, की हिंदी कागदांवर हेच आडनाव बऱ्याचदा 'काले' होते, जरी लिपी तीच देवनागरी आहे. म्हणजे इथे गळती संकेतातही नाही, कार्डातही नाही. ती लिहिणाऱ्याच्या सवयीत आहे. कीबोर्डावर 'ळ' आहे, फक्त शिफ्ट दाबून 'ल' ची कळ दाबावी लागते. यंत्राने दिलेली सोय माणूस वापरत नसेल, तर त्याचा दोष यंत्रावर टाकू नका. छत्तीसगढमधल्या मराठी मुलांना आपल्या दाखल्यावरचे आडनाव तपासून घ्यावे लागते, त्याचे एक कारण हे आहे.

मराठीची खरी परीक्षा रफाराची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. इस्कीत पहिल्या शब्दात २०७ क्रमांकाचा 'र' आहे, दुसऱ्यात २०८ क्रमांकाचा 'ऱ'. एका अंकाचा फरक, अर्थ पूर्ण वेगळा. मराठीसाठी हा भेद १९९१ च्या मानकात जपला गेला, याचे श्रेय द्यायलाच हवे.

दाव्याची मर्यादाही याच वहीत दिसते. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. बांगलात 'व' आणि 'ब' एकाच आकाराने दाखवले जातात. लिपी बदलल्यावर पडद्यावर हे भेद पुसले जातात. पण साठवलेला संकेत तोच राहतो, म्हणून परत देवनागरीत आलात तर 'ख' हा 'ख' च असतो. हे लक्षात ठेवा. खालच्या निवाड्यात त्याचे महत्त्व आहे.

६. कार्डाचे दोष

पहिला दोष जागेचा. विचार करणारा भाग कार्डात, म्हणून ज्या यंत्रात कार्ड नाही तिथे मजकूर मुका. इस्कीत 'कमल' म्हणजे १७९, २०४, २०९. हेच तीन बाइट साध्या डॉसच्या पडद्यावर दाखवले, तर एक उभी रेघ आणि चौकटीचे दोन सांधे दिसतात, कारण १७६ ते २२३ हे संकेत आयबीएमने चौकटी आखायला वापरले होते. मानक लिहिणाऱ्यांना ही टक्कर ठाऊक होती. म्हणून पीसीसाठी त्या रेषांची जागा सोडणारी 'पीसी-इस्की' अशी दुसरी मांडणी त्यांना सांगावी लागली. एकाच वर्णाला दोन क्रमांक आले. यंत्राची अडचण संकेतात शिरली, ही माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरा दोष लिपी बदलण्याच्या पद्धतीत. इस्कीत लिपी कोणती, हे मजकुरात मध्येच येणाऱ्या एका खास संकेताने (२३९) सांगितले जाते. ओळ मधूनच कापली आणि तो संकेत मागे राहिला, तर पुढचे बाइट तेलुगू की बांगला, हे कळायला मार्ग नाही. याउलट युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र खण दिला. त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतली असल्याने देवनागरी 'क' २३२५ आणि तेलुगू 'क' ३०९३. फरक बरोबर ७६८, म्हणजे १२८ चे सहा खण. कापला तरी मजकूर आपली लिपी विसरत नाही. मात्र देवनागरीतून तमिळ खणात नेताना 'ख' ला जागाच नसते आणि भेद कायमचा जातो. इस्कीत तो टिकत होता. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय एकाला चांगले म्हणू नका.

तिसरा दोष काळाचा, आणि तोच जीवघेणा ठरला. विंडोज आल्यावर प्रोग्राम टेक्स्ट मोडच्या घरांत बाइट लिहीनासे झाले. सगळा पडदा चित्र झाला. ज्या वाटेवर कार्ड उभे राहून अक्षरे घडवत होते, ती वाटच बंद झाली. त्याआधी सी-डॅकने कार्डाशिवाय, केवळ सॉफ्टवेअरने हेच काम करणारे जिस्ट शेलही दिले होते, पण तेही डॉसचेच.

७. मधली पोकळी

विंडोजमध्ये देवनागरीचा आकार घडवणारी सोय विंडोज २००० मध्ये आली. तोवरची पोकळी फॉन्टांनी भरली: महाराष्ट्रात श्री-लिपी, आकृती आणि खुद्द सी-डॅकचे आयएसएम, हिंदी पट्ट्यात कृतिदेव. यांनी संकेत आणि आकार पुन्हा एक केले. कृतिदेवमध्ये 'कमल' लिहिले, तर फाइलमध्ये इंग्रजी डी, ई, वाय ही अक्षरे साठतात. फॉन्ट काढला की इंग्रजी शब्द उरतो. शोध लागत नाही, क्रम लागत नाही. ज्या संस्थेने वर्ण आणि आकार वेगळे करायला शिकवले, तिच्याच विंडोजसाठीच्या फॉन्टांत आकारांना क्रमांक देण्याची पद्धत आली. बाजाराची घाई समजू शकते. पण त्या काळातला मराठी मजकूर आजही परिवर्तकातून गाळून घ्यावा लागतो आणि प्रत्येक गाळणीत 'ऱ' आणि 'ळ' सारखी अक्षरे पुन्हा तपासावी लागतात. ही किंमत आपण अजून मोजतो आहोत.

८. निवाडा

हर्क्युलिसने आकाराचे काम प्रत्येक प्रोग्रामवर टाकले; ते फार विखुरले. जिस्टने ते एका जागी आणले, पण ती जागा विकत घ्यायच्या वस्तूत होती. फॉन्टांनी ते काम मजकुरातच मिसळून टाकले. तीनही उपायांत हा सर्वांत वाईट. आज ते ऑपरेटिंग सिस्टमकडे आणि खुल्या आकार-ग्रंथालयांकडे आहे, आणि संकेत सर्वांचा सामाईक. जिस्टचे कार्ड संपले, पण वर्ण आणि आकार वेगळे ठेवण्याचा त्याचा विचार युनिकोडच्या भारतीय खणांत रोज वापरात आहे. वूडूचे नशीब याच्या उलट. त्याच्यासाठी लिहिलेले खेळ ग्लाइड या त्या कंपनीच्याच भाषेत बोलत. कंपनी बुडाली आणि ते खेळ चालवायला दुभाषी प्रोग्राम शोधावे लागले. इतिहासात पायरी वूडूला मिळाली; टिकाऊ भाग मात्र जिस्टकडे होता.

म्हणून एखादे उपकरण, ॲप किंवा सेवा 'मराठी चालते' असे सांगेल, तेव्हा पहिला प्रश्न विचारा: ते उपकरण काढून घेतले, तर माझा मजकूर उरतो का?

करून पाहा

१. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचे इस्की संकेत क्रमाने लिहा. (द १९६, य २०५, काना २१८)

२. हर्क्युलिसच्या पडद्यावर क्ष = १००, य = ५० या बिंदूचा पत्ता काढा. उत्तर १७,४७६ यायला हवे.

३. इस्कीत 'स्त्री' ला ६ बाइट लागतात, यूटीएफ-८ मध्ये १८. नावासाठी २० बाइटचा रकाना ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये कोणाची नावे कापली जातील? तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर तपासा.